एकाच डब्यातल्या दोन बाटल्या

डॉक्टर लस टोचायला आले त्या सकाळी मी मामाच्या गोठ्यात होते. मुरबाडच्या पुढे माळशेजच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आत त्याचं गाव. चार गायी, दोन म्हशी, एक बैलजोडी आणि साडेतीन महिन्यांची एक पाडी. डॉक्टरांनी बर्फाचा डबा ओट्यावर ठेवून उघडला. आत दोन तऱ्हेच्या बाटल्या होत्या. एक मोठी, दुधासारख्या पांढऱ्या पातळ औषधाने भरलेली. ती आमच्या गोठ्यासाठी, लाळ-खुरकुताची, म्हणजे जनावरांच्या तोंडात नि खुरांत फोड आणणाऱ्या रोगाची. दुसरी बोटभर उंचीची, तळाशी फिकट पांढरी वडी चिकटलेली, बाकी कोरडी ठणठणीत. ती पुढच्या पाड्यावरच्या गायींसाठी, लम्पीची, म्हणजे अंगभर गाठी उठवणाऱ्या रोगाची.

मामा दोन्हीकडे बघत म्हणाला, "दोन्ही लसच ना? मंग एक ओली नि एक सुकी कशाला?"

डॉक्टरांना पुढे जायची घाई होती. "भाची कॉलेजात हेच शिकवते ना, तिला विचारा," असं म्हणून त्यांनी सिरिंज भरायला घेतली. मी ठाण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते हे खरं, पण इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारलेला नाही. कारण त्या एका प्रश्नात जनावरांच्या लशींचं बहुतेक सगळं शास्त्र आहे. बाटली ओली की सुकी, वर्षातून एकदा टोचायची की दोनदा, बर्फात गोठली तर चालेल की नाही, हे सगळं एकाच गोष्टीवर ठरतं: आतला विषाणू जिवंत आहे की मेलेला.

आधी 'लस' या शब्दाबद्दल थोडं. जखम चिघळली की तिच्यातून पाण्यासारखा चिकट द्रव येतो, त्याला आपण लस म्हणतो. टोचायच्या औषधालाही तेच नाव पडलं, कारण सुरुवातीला ते अक्षरशः तेच होतं. १७९६ साली इंग्लंडात एडवर्ड जेन्नरने गवळणीच्या हातावरच्या गोस्तनदेवीच्या फोडातली लस एका मुलाला टोचली आणि त्याला माणसाच्या देवीपासून संरक्षण मिळालं. पुढे एकाच्या दंडावरच्या फोडातून दुसऱ्याच्या दंडावर अशी साखळी करत ती लस जगभर गेली. १४ जून १८०२ रोजी ती मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली, ती भारतातली पहिली लस. इंग्रजीतल्या 'व्हॅक्सिन'चं मूळही लॅटिनमध्ये गायीसाठी असलेल्या 'वाक्का' या शब्दात आहे. म्हणजे लशीची सगळी विद्या मुळात गोठ्यातून माणसाकडे आली. आता ती परत गोठ्यात येते आहे, आणि मला यात फार समाधान वाटतं.

लस शरीराला काय देते? ओळख. खरा रोग येण्याआधी त्या विषाणूचा चेहरा शरीराला दाखवून ठेवायचा. शरीर त्या चेहऱ्याविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार करतं, लढणाऱ्या पेशींना शिकवून ठेवतं, आणि पुढे खरा विषाणू आला की त्याला दारातच धरतं. प्रश्न एवढाच, की चेहरा दाखवताना रोग होऊ नये. यासाठी दोन जुने मार्ग आहेत. विषाणूला दुबळा करायचा, किंवा ठार मारायचा.

सुक्या वडीपासून सुरू करते.

लम्पी हा रोग पहिल्यांदा १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला. २०२२ च्या पावसाळ्यात तो देशभर पसरला. ऑगस्टमध्ये महाराष्ट्रात जळगाव जिल्ह्यात आला, आणि सप्टेंबरात ठाणे जिल्ह्यातही गायींच्या अंगावर गाठी दिसायला लागल्या. राज्यभर बैलबाजार बंद झाले. डास, गोमाश्या, गोचीड हे चावणारे कीटक तो एका जनावराकडून दुसऱ्याकडे नेतात, म्हणून आपल्याकडे पावसात आणि पावसानंतर त्याचा जोर. म्हशींना तो क्वचितच होतो, गायीबैलांना होतो. माणसाला होत नाही. त्या वेळी शहरात कितीतरी घरांनी गायीचं दूध बंद केलं होतं. उकळून प्यायलेल्या दुधाचा आणि लम्पीचा काही संबंध नव्हता, पण मामाच्या दुधाचे दोन रतीब तुटले ते तुटलेच.

लम्पीचा विषाणू देवीच्या घराण्यातला. मेंढ्यांची देवी, शेळ्यांची देवी आणि लम्पी ही सख्खी चुलत भावंडं. त्यांची जनुकीय लिपी शेकडा ९६-९७ टक्के सारखी आहे. त्यामुळे २०२२ मध्ये लम्पीची स्वतःची लस बाजारात नसताना सरकारने शेळ्यांच्या देवीची लस गायींना टोचली. उत्तरकाशी नावाच्या वाणाची. चुलतभावाचा चेहरा इतका जुळता होता की गायीचं शरीर त्यावरून लम्पीला ओळखायला शिकलं. जेन्नरने गायीच्या देवीवरून माणसाच्या देवीला अडवलं, त्यातलीच ही युक्ती, सव्वादोनशे वर्षांनंतर.

त्याच ऑगस्टमध्ये हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने लम्पीची देशी लस जाहीर केली. नाव लम्पी-प्रोव्हॅक-इंड. ती कशी केली हे ऐकण्यासारखं आहे. २०१९ मध्ये रांचीच्या एका आजारी जनावरापासून विषाणू मिळवला. तो प्रयोगशाळेत व्हेरो नावाच्या पेशींवर वाढवला. व्हेरो पेशी आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडातल्या, काचेच्या भांड्यात पिढ्यान् पिढ्या वाढवता येणाऱ्या. एका भांड्यात विषाणू वाढला की त्यातला थेंबभर नव्या पेशींवर टाकायचा. तिथे वाढला की पुढच्या. असं ५० वेळा.

यातून विषाणू दुबळा का होतो? मी मामाला असं सांगितलं. समज, आपल्या गावातलं एक कुळवाड्याचं घर ठाण्याला गेलं आणि ५० पिढ्या फ्लॅटमध्ये राहिलं. आडनाव तेच राहील, चेहरेपट्टीही राहील. पण ५१ व्या पिढीतल्या पोराला चिखलणी जमेल का? नांगर धरता येईल का? तसं त्या विषाणूचं. काचेतल्या पेशींवर राहायला गायीच्या शरीराशी झुंजायची कला लागत नाही. न लागणारी कला टिकत नाही, तिची जनुकं मोडत जातात. शेवटी गायीला टोचला तर तो थोडासा वाढतो, आजार करत नाही, पण चेहरा जुनाच असल्याने शरीर त्याला ओळखून ठेवतं. मामाने मान डोलावली. चिखलणीचं त्याला लगेच पटलं, कारण त्याच्या स्वतःच्या मुलाने गेली दहा वर्षं चिखलात पाय ठेवलेला नाही.

आता वडी सुकी का? कारण आतला विषाणू जिवंत आहे, आणि पाण्यात ठेवला तर तो दिवसागणिक मरत जाईल. म्हणून त्याला गोठवून निर्वात जागेत वाळवतात. त्या अवस्थेत तो निजलेला राहतो. टोचायच्या वेळी सोबतच्या द्रावणात वडी विरघळवली की तो जागा होतो, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. विरघळवलेली बाटली बर्फावर ठेवून दोनेक तासांत संपवायची, उरलेली टाकून द्यायची. "उद्या सकाळी बाकीच्यांना टोचू" हे इथे चालत नाही, कारण उद्या सकाळी बाटलीत औषध दिसेल पण विषाणू मेलेला असेल, आणि या लशीचं सगळं बळ त्याच्या जिवंतपणात आहे. उन्हात जीपच्या बोनेटवर ठेवलेली बाटली, स्पिरिटने धुऊन न सुकवलेली सुई, यांनीही तो मरतो. अशा लशीने गायीचं काही बिघडत नाही. तिला संरक्षणही मिळत नाही, आणि मालक मात्र निर्धास्त राहतो. मला सगळ्यात भीती या निर्धास्तपणाची वाटते.

मामाची ढवळी नावाची गाय २०२२ मध्ये लस टोचून नवव्या दिवशी गाठींनी भरली. पाय सुजले, ताप चढला, ती चारा सोडून भिंतीशी उभी राहायची. मामा गावभर सांगत सुटला की लशीनेच रोग दिला. गावात तीन घरांनी मग लस नाकारली. ही गोष्ट मला आजही टोचते, कारण तेव्हा मी फोनवर होते आणि नीट समजावू शकले नाही. झालं असं होतं की शेजारच्या गोठ्यात रोग आधीच शिरला होता. लम्पी अंगात गेल्यावर गाठी दिसायला चार दिवस ते दोन आठवडे सहज जातात, कधी जास्तही. आणि लस टोचल्यावर अंगात पुरेसं बळ यायला साधारण तीन आठवडे लागतात. ढवळीला लस मिळाली तेव्हा गोमाशीने आपलं काम बहुधा आधीच केलेलं होतं. म्हणून तर बाधित गावाभोवती पाच किलोमीटरच्या रिंगणात निरोगी जनावरांना आधी टोचायचं, असं धोरण त्या साली होतं. ढवळी वाचली. मानेवरच्या दोन चट्ट्यांवर अजून केस आलेले नाहीत.

जिवंत लशीचे खरे धोकेही लपवायला नकोत. काही जनावरांना थोडा ताप येतो, टोचलेल्या जागी सूज येते, क्वचित बारीक गाठी उठतात आणि जातात. मोठा धोका वेगळा आहे. दुबळा विषाणू आणि रानटी विषाणू एकाच जनावरात भेटले तर त्यांच्या जनुकांची सरमिसळ होऊ शकते. रशियात २०१७ मध्ये असा संकरित लम्पी विषाणू सापडला, त्यात लशीच्या वाणाचे तुकडे होते. त्यामुळे जिवंत लस बनवताना बाटलीत फक्त एकच, तपासलेला वाण आहे ना, हे पाहणं जीवनमरणाचं काम आहे. घाई करायची तर इतर कुठेही करावी, इथे नाही.

आता ती पांढरी, ओली बाटली.

लाळ-खुरकुताचा विषाणू लम्पीच्या अगदी उलट स्वभावाचा. लम्पीचा विषाणू मोठा, त्याची लिपी सुमारे दीड लाख अक्षरांची, आणि तो सहसा बदलत नाही. खुरकुताचा विषाणू इवलासा, जेमतेम साडेआठ हजार अक्षरांची लिपी, आणि प्रत्येक नक्कल करताना चुका करणारा. याला दुबळा करायचे प्रयत्न झाले, पण जो इतक्या भराभर बदलतो तो पुन्हा उलटायलाही वेळ लावत नाही. ५० पिढ्या शहरात राहून हा एका रात्रीत परत नांगर धरील. म्हणून याला जिवंत ठेवायचाच नाही असं ठरलं. ही लस मारलेल्या विषाणूची.

कारखान्यात हे काम हजारो लिटरच्या पोलादी टाक्यांत चालतं. टाकीत हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या मूत्रपिंडातून आलेल्या पेशी पोषक रसात तरंगत वाढवतात. मग त्यात जिवंत खुरकुताचा विषाणू सोडतात. साधारण एका दिवसात तो पेशी फोडून टाकीभर पसरतो. गाळून पेशींचा कचरा काढला की त्यात एक रसायन घालतात, जे विषाणूची लिपी निकामी करतं पण कवच शाबूत ठेवतं. पूर्वी यासाठी फॉर्मलिन वापरत. त्यात कधी कधी थोडे विषाणू जिवंत राहून जात, आणि युरोपात काही साथी तशा लशींतून सुरू झाल्या. म्हणून रसायन बदललं आणि तपासणी कडक झाली. विषाणू खरोखर मेला का, हे जिवंत पेशींवर पाहिल्याशिवाय तो घाणा पुढे जात नाही.

मेलेला विषाणू अंगात वाढत नाही. जितका टोचला तितकाच. थोडक्या मालावर शरीराचं लक्ष वेधायचं तर तो अंगात बराच काळ रेंगाळायला हवा, म्हणून त्याला तेलात घोटतात. तोच तो दुधाळ पांढरा रंग. तेलाचे सूक्ष्म थेंब स्नायूत ठेव म्हणून राहतात आणि माल हळूहळू सोडतात. टोचल्यावर मानेवर जी गाठ येते, एकदोन दिवस दूध घटतं, ते शरीर कामाला लागल्याचं लक्षण आहे.

आणि इथे मामाच्या शेजाऱ्याने केलेली एक चूक सांगायलाच हवी. जास्त थंड तेवढं चांगलं, असं समजून त्याने उरलेली बाटली फ्रीजच्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात ठेवली. सुकी लस गोठली असती तर बिघडली नसती. पण तेलाची लस गोठली की फुटते. मला त्याने ती दाखवली तेव्हा वर तेल, खाली पाणी, अगदी नासलेल्या दुधासारखी. हलवून एकजीव करायचा प्रयत्नही त्याने केला होता. विषाणूचं कवच उन्हानेही तुटतं, आणि तुटलेल्या तुकड्यांवरून शरीराला पुरा चेहरा ओळखता येत नाही. २ ते ८ अंश, ना जास्त ना कमी. फ्रीजचा मधला कप्पा, दारातला नाही.

खुरकुताच्या विषाणूची जगात सात घराणी आहेत. एकाची लस दुसऱ्याला चालत नाही. आपल्या देशात आज ओ, ए आणि एशिया-१ ही तीन फिरतात, म्हणून आपल्या बाटलीत तिन्ही मिसळलेले असतात. घराण्याच्या आतही रूप बदलत राहतं, त्यामुळे लशीतला वाण आजच्या रोगाशी जुळतो का, हे शास्त्रज्ञांना सतत पडताळावं लागतं. मेलेल्या लशीची आठवण शरीराला फार दिवस राहत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी टोचणी. २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ती फुकट मिळते, आणि जनावराच्या कानातला बारा आकडी पिवळा बिल्ला त्याचीच नोंद ठेवतो. काही लोक कान टोचायचा म्हणून बिल्ला नाकारतात. माझं मत स्पष्ट आहे: नोंद नसेल तर कुठल्या पाड्यावर किती जनावरं उघडी राहिली हे कुणालाच कळणार नाही.

मेलेल्या लशीचा एक फायदा मला फार देखणा वाटतो. खरा विषाणू पेशीत शिरून स्वतःच्या नकला करायला काही हत्यारं बनवतो, आणि आजारी जनावराचं शरीर त्या हत्यारांविरुद्धही प्रतिपिंडं करतं. लस बनवताना मात्र ती हत्यारं गाळून काढलेली असतात, उरतं फक्त कवच. मग गायीच्या रक्ताची तपासणी केली की कळतं: फक्त कवच ओळखते, म्हणजे लस मिळालेली. हत्यारंही ओळखते, म्हणजे रोग येऊन गेलेला. आपल्या तबेल्यांत म्हशी दूरदूरच्या राज्यांतून येतात, आणि खुरकूत येऊन गेलेल्या म्हशीच्या घशात हा विषाणू महिनोन्‌महिने दडून राहू शकतो. तिथे हा फरक कळणं सोन्याच्या मोलाचं आहे. लम्पीच्या बाबतीत हाच फरक दाखवणारी देशी लस २०२५ च्या फेब्रुवारीत मंजूर झाली, तिचं नाव बायोलम्पिव्हॅक्सिन.

"पण लशीने रोग कधी जातो का गं बाय?" मामाने विचारलं. मी त्याला बुळकांडीची आठवण करून दिली. त्याच्या वडिलांच्या तोंडी तो शब्द असायचा. बुळकांडी गोठ्यात शिरली की हगवणीने आठवडाभरात दावणी रिकाम्या व्हायच्या. या रोगासाठीच इंग्रजांनी १८८९ मध्ये पुण्यात प्रयोगशाळा काढली, ती पुढे मुक्तेश्वरला हलवली, आणि तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. मुक्तेश्वरला १९२० च्या दशकात एडवर्ड्स नावाच्या संशोधकाने हा विषाणू शेकडो वेळा शेळ्यांतून नेऊन दुबळा केला. नंतर केनियात वॉल्टर प्लाउराइट यांनी तो वासराच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर नव्वदच्या आसपास वेळा वाढवला आणि अत्यंत सुरक्षित लस केली. एक टोचणी जवळजवळ जन्मभर पुरायची. भारतातली शेवटची साथ १९९५ ची, आणि २०११ मध्ये जगातून बुळकांडी संपल्याचं जाहीर झालं. माणसाच्या देवीनंतर लशीने संपवलेला हा दुसराच रोग. आज वीस-पंचवीस वर्षांच्या शेतकऱ्याला हा शब्द माहीत नाही, यापेक्षा मोठी पावती मला सुचत नाही.

डॉक्टरांच्या डब्यात अजून नसलेली एक तिसरी तऱ्हा आहे, ती थोडक्यात सांगते. तिला वाहक लस म्हणतात. रोगाचा विषाणू घ्यायचाच नाही. दुसऱ्या निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर रोगाच्या विषाणूचा फक्त चेहरा, म्हणजे त्याच्या कवचाचं जनुक, लादून पाठवायचा. कोव्हिशिल्ड आपल्यातल्या बहुतेकांनी घेतली, ती याच तऱ्हेची. खुरकुतासाठी माणसाच्या सर्दीच्या एका विषाणूवर असं ओझं लादून अमेरिकेत लस तयार झाली, तिला २०१२ मध्ये सशर्त परवानगी मिळाली. तिचा मोठा फायदा असा, की कारखान्यात खुरकुताचा जिवंत विषाणू हजारो लिटर वाढवावाच लागत नाही. तो बाहेर निसटायची भीतीच संपते. देवीच्या घराण्यातले विषाणू तर मोठे, त्यांच्या लिपीत परकं जनुक सामावायला जागा भरपूर. दुबळ्या केलेल्या अशा विषाणूवर बुळकांडीचं जनुक लादून एका टोचणीत दोन रोगांपासून संरक्षण देता येतं, हे प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या मते पुढची खरी वाट ही आहे, विशेषतः जिथे डॉक्टर वर्षातून एकदाच पोहोचतो अशा पाड्यांसाठी.

तोवर डॉक्टरांनी चारही गायी, म्हशी आणि बैल उरकले होते. पाडीकडे आले, तिच्या कानाला हात लावला आणि थांबले. "साडेतीन महिने ना? हिला अजून पंधरा दिवसांनी."

मामा म्हणाला, "आलाच आहात तर टोचून टाका की."

याचंही उत्तर बाटलीतच होतं. पाडी जन्मली तेव्हा तिने आईचा चीक प्यायला. त्या चिकातून आईची तयार प्रतिपिंडं तिच्या रक्तात गेली. ती आहेत तोवर टोचलेला मेलेला विषाणू ती परस्पर पकडून गिळून टाकतील, पाडीच्या स्वतःच्या शरीराला तो दिसणारच नाही. चौथ्या महिन्यापर्यंत आईची शिदोरी संपत येते. तेव्हा पहिली टोचणी, महिन्याने दुसरी, म्हणजे आठवण पक्की होते, आणि मग दर सहा महिन्यांनी.

"म्हणजे म्हशाच्या जत्रेला हिला नेली तर?" मामाने विचारलं. पौषात मुरबाडजवळच्या म्हसा गावी गुरांचा मोठा बाजार भरतो, चार जिल्ह्यांची जनावरं एका माळावर उभी असतात. डॉक्टर बोटांवर मोजत म्हणाले, दुसऱ्या टोचणीनंतर तीन आठवडे जाऊ द्या, मग न्या.

मामाने चुलीतला कोळसा आणला आणि दाराच्या आतल्या बाजूला, जिथे दुधाचा हिशेब लिहिलेला असतो तिथे, तीन तारखा एकाखाली एक लिहिल्या. तिसरीपुढे त्याने 'म्हसा' लिहिलं, मग पंचांग बघून ते खोडलं. जत्रा त्याच्या आठ दिवस आधी येत होती.